रेकी कावाहारा

(जन्म : १७ ऑगस्ट १९७४). जपानी लाइट नॉव्हेल लेखक. जन्म गुन्मा प्रांतातील ताकासाकी येथे. ‘सोर्ड आर्ट ऑनलाइन’ आणि ‘अ‍ॅक्सेल वर्ल्ड’ या दोन दीर्घ मालिकांसाठी प्रसिद्ध. त्यांचे पहिले पुस्तक छापून आले तेव्हा ते चौतीस वर्षांचे होते. पण त्याआधी कित्येक वर्षे इंटरनेटवर त्यांचा वाचकवर्ग तयार झालेला होता, आणि पुढची सारी कारकीर्द त्याच शिदोरीवर उभी राहिली.

लाइट नॉव्हेल म्हणजे मुख्यतः किशोर आणि तरुण वाचकांसाठी लिहिली जाणारी, खिशात मावेल अशा आकाराची कादंबरी. सुरुवातीला काही रंगीत चित्रे, मध्ये अधूनमधून कृष्णधवल चित्रे, संवाद भरपूर आणि परिच्छेद आखूड. चित्रकाराचे नाव लेखकाच्या बरोबरीने घेतले जाते. शेवटी लेखकाच्या मनोगताची दोन-चार पाने असतात आणि निष्ठावान वाचक ती सहसा चुकवत नाहीत. १९९३ साली सुरू झालेली ‘देंगेकी बुन्को’ ही या क्षेत्रातील एक प्रमुख ग्रंथमाला. तिच्या प्रकाशकांतर्फे नवोदितांसाठी दरवर्षी स्पर्धा होते. विजेत्याचे हस्तलिखित छापले जाते, त्याला संपादक आणि चित्रकार मिळतो, आणि पुस्तक खपले तर मालिका सुरू होते.

कावाहारांनी २००२ मध्ये याच स्पर्धेसाठी ‘सोर्ड आर्ट ऑनलाइन’ लिहायला घेतली. कथा ठरवून दिलेल्या पानमर्यादेबाहेर गेली, त्यामुळे ती पाठवलीच गेली नाही. त्यांनी ती फुमिओ कुनोरी या टोपणनावाने स्वतःच्या वेबसाइटवर टाकली आणि पुढे लिहीत राहिले. स्वतः ऑनलाइन गेम खेळणाऱ्या या लेखकासमोर ‘अल्टिमा ऑनलाइन’ आणि ‘रॅग्नारॉक ऑनलाइन’सारख्या खेळांचे जग होते. अनोळखी माणसांनी मिळून रात्र-रात्र राक्षस मारणे, गट बांधणे, दुर्मीळ हत्यारासाठी भांडणे हे सारे त्यांना आतून ठाऊक होते, आणि कथेतला तपशील त्यामुळेच विश्वसनीय वाटतो.

कथाबीज सोपे आहे. ६ नोव्हेंबर २०२२ रोजी ‘नर्व्हगिअर’ नावाचे शिरस्त्राण घालून दहा हजार खेळाडू एका आभासी जगात उतरतात. बाहेर पडण्याचे बटणच नाही, हे त्यांना तिथे गेल्यावर कळते. ‘आइन्क्राड’ या तरंगत्या किल्ल्याचे शंभर मजले सर केले तरच सुटका; खेळात मेला तो खरोखर मेला, कारण ते शिरस्त्राण त्याचा मेंदू भाजून काढते. किरितो हा एकांडा खेळाडू आणि आसुना ही तलवारबाज मुलगी या जोडीभोवती कथा फिरते.

२००८ मध्ये कावाहारा पुन्हा स्पर्धेत उतरले, या वेळी वेगळ्या आणि मर्यादेत बसणाऱ्या कथेसह. पंधराव्या देंगेकी कादंबरी पुरस्कारात तिला सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि फेब्रुवारी २००९ मध्ये ती ‘अ‍ॅक्सेल वर्ल्ड’ या नावाने प्रसिद्ध झाली. काळ २०४६, स्थळ तोक्यो. हारुयुकी हा लठ्ठ, शाळेत छळला जाणारा मुलगा. एका गुप्त प्रणालीमुळे त्याच्या विचारांचा वेग हजारपट होतो आणि त्या गोठलेल्या क्षणांत तो इतर मुलांशी द्वंद्व खेळतो. तोक्योचे विभाग वाटून घेणाऱ्या टोळ्यांचे राजकारण यात रंगले आहे. माझ्या मते व्यक्तिरेखेच्या दृष्टीने कावाहारांची ही अधिक सरस निर्मिती. किरितो जवळपास अजिंक्य आहे. हारुयुकीला स्वतःची लाज वाटते, आणि त्यामुळे त्याच्या प्रत्येक विजयाला वजन येते.

पारितोषिकानंतर संपादक काझुमा मिकी यांनी वेबसाइटवरची जुनी कथा वाचली आणि तीही छापायचे ठरवले. एप्रिल २००९ मध्ये ‘सोर्ड आर्ट ऑनलाइन’चा पहिला खंड आला. चित्रे ‘अ‍ॅबेक’ या नावाने काम करणाऱ्या चित्रकाराची. ‘अ‍ॅक्सेल वर्ल्ड’ची ‘हिमा’ यांची. नव्या लेखकाच्या दोन मालिका एकाच वेळी चालवणे शक्य झाले, कारण एकीचा मजकूर आधीच तयार होता. अठराव्या खंडापर्यंतचा मुख्य कथाभाग त्या वेब-आवृत्तीवर बेतलेला आहे. इंटरनेटवरच्या कथांचे पुस्तकात रूपांतर करणे आज जपानी प्रकाशकांच्या अंगवळणी पडले आहे. ही वाट रुळवणाऱ्या पुस्तकांत या मालिकेचे स्थान वरचे आहे.

२०१२ हे वर्ष निर्णायक ठरले. एप्रिलमध्ये ‘अ‍ॅक्सेल वर्ल्ड’ची आणि जुलैमध्ये ‘सोर्ड आर्ट ऑनलाइन’ची अ‍ॅनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिका सुरू झाली. दुसरीचे दिग्दर्शन तोमोहिको इतो यांचे, संगीत युकी काजिउरा यांचे. ‘कोनो लाइट नॉव्हेल गा सुगोई’ या वार्षिक मार्गदर्शिकेच्या २०१२ आणि २०१३ च्या आवृत्त्यांत ‘सोर्ड आर्ट ऑनलाइन’ ही कादंबरीमालिका पहिली आली. जगभरातील एकूण खप पुढे तीन कोटी प्रतींवर गेला.

टीकाही भरपूर झाली. पहिल्या खंडात कथा पहिल्या मजल्यावरून थेट चौऱ्याहत्तराव्यावर उडी घेते आणि पंचाहत्तराव्यावर संपते. मधले मजले वाचकाने कल्पनेनेच चढायचे. ‘फेअरी डान्स’ या भागात आसुनासारख्या समर्थ नायिकेला पिंजऱ्यात कोंडले आहे, तर तेथील आणि ‘अ‍ॅलिसायझेशन’मधील लैंगिक अत्याचाराचे प्रसंग अनेकांना अनावश्यक वाटले, हा आक्षेप योग्यच आहे. उलट सातवा खंड ‘मदर्स रोझारिओ’ वाचून टीकाकारही नरमतात. त्यात असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली युकी ही मुलगी केवळ आभासी जगात धावते, लढते, मैत्री करते. तंत्रज्ञान माणसाला कोंडते, तसेच मोकळेही करते, ही कावाहारांची भूमिका इथे सर्वांत स्वच्छ उमटली आहे.

सुटलेल्या मजल्यांची भरपाई त्यांनी २०१२ पासून ‘प्रोग्रेसिव्ह’ या उपमालिकेत सुरू केली. पहिल्या मजल्यापासून सावकाश चढत जाणारी ही कथा जुन्या कथेशी काही ठिकाणी जुळत नाही, पण दिनचर्या, जेवण, नकाशे आणि डावपेच यांत रमणारा लेखक येथे मनमुराद भेटतो. याच विश्वात ‘किनोचा प्रवास’ लिहिणारे केइची सिगसावा यांनी बंदुकांच्या खेळावर ‘गन गेल ऑनलाइन’ ही स्वतंत्र मालिका लिहिली. २०१७ च्या ‘ऑर्डिनल स्केल’ या चित्रपटाची मूळ कथा मात्र कावाहारांचीच.

कथेतील २०२२ साल प्रत्यक्षात उजाडले तेव्हा तसे शिरस्त्राण अर्थातच नव्हते. तरी ऑक्युलस या आभासी वास्तव उपकरणाचे जनक पामर लकी यांनी ६ नोव्हेंबरचा मुहूर्त साधून, खेळात हरल्यास वापरणाऱ्याचा जीव घेणारे उपकरण बनवल्याचे जाहीर केले. ते त्यांनी स्वतः डोक्यावर चढवले नव्हते. त्याच महिन्यात कावाहारांची ‘डेमन्स क्रेस्ट’ ही नवी मालिका सुरू झाली. तिच्यात खेळाचे नियम प्रत्यक्ष जगात शिरतात, आणि अडकलेले खेळाडू या वेळी प्राथमिक शाळेच्या सहावीतली मुले आहेत.