विजयाआधीच पाडलेली विजयपदकं

पनामाच्या किनाऱ्यावरचं पोर्तोबेलो हे स्पॅनिश बंदर ब्रिटिश अॅडमिरल एडवर्ड व्हर्ननने नोव्हेंबर १७३९ मध्ये अवघ्या सहा जहाजांनिशी घेतलं. बातमी इंग्लंडात पोचली आणि पदकांचा नुसता पूर आला. व्हर्ननच्या पदकांचे शंभराहून अधिक प्रकार ज्ञात आहेत. हा सरकारी सन्मान नव्हे, कारागिरांनी विकायला काढलेला माल होता.

पदक पाडायला दोन पोलादी ठसे लागतात. मऊ पोलादावर चित्र उलटं कोरायचं, मग ठसा लालबुंद तापवून झटकन थंड करायचा. असं पाणी दिलं की तो कठीण होतो. वरचा ठसा बसवायचा जाड आट्यांच्या स्क्रूखाली. स्क्रूच्या माथ्यावर लांब आडवा दांडा, त्याच्या दोन्ही टोकांना वजनं. दांडा गरकन फिरवला की वजनांची गतिज ऊर्जा क्षणात दोन ठशांमधल्या धातूच्या चकतीवर उतरते आणि थंड, घट्ट धातू ठशाच्या खळग्यांत सरकतो.

मेख आहे ती उठावात, म्हणजे चित्र चकतीच्या पृष्ठभागापासून किती वर येतं त्यात. प्रत्येक दाबासरशी धातूच्या स्फटिकरचनेतले दोष एकमेकांत अडकत जातात आणि धातू ताठर होतो. उठाव जितका उंच, तितक्या वेळा चकती तापवून मऊ करायची आणि पुन्हा दाबायची. फ्रान्सच्या चौदाव्या लुईला ही चैन परवडत होती. त्याच्या पदकांवरचा लॅटिन मजकूर ठरवायला विद्वानांची अकादमीच होती! लंडनच्या धंदेवाल्यांना एवढी सवड कुठली? त्यांची चित्रं बाळबोध, उठाव बेताचा. तांब्यात थोडं जस्त मिसळून केलेला पिंचबेकसारखा मिश्रधातू सोन्यासारखा दिसे आणि पितळेच्या भावात मिळे.

१७४१ मध्ये व्हर्ननने आजच्या कोलंबियातल्या कार्ताहेनाला वेढा घातला. बाहेरचे किल्ले पडताच त्याने विजय हाताशी आल्याचं कळवलं. ते पत्र मे महिन्यात लंडनला पोचलं आणि शहर जल्लोषात बुडालं. कार्ताहेना पडल्याची पदकंही निघाली. त्यांतल्या एका प्रकारावर स्पॅनिश सेनानी ब्लास दे लेसो व्हर्ननपुढे गुडघे टेकून तलवार देताना दिसतो, तोही दोन धडधाकट पायांचा. खऱ्या लेसोचा डावा पाय १७०४ च्या लढाईतच गेला होता. पुढे एक डोळा गेला, एक हात निकामी झाला. कोरणाऱ्याने त्याला कधी पाहिलेलं नसावं.

शहर काही पडलं नाही. तटबंदीवरचा हल्ला फसला आणि छावणीत पिवळ्या तापाने हजारो माणसं दगावली. हा ताप पसरवणारा एडिस इजिप्ती डास म्हणजे आपल्याकडे डेंग्यू पसरवतो तोच. पण डासाचा आणि तापाचा संबंध तेव्हा कुणाला ठाऊकच नव्हता. मे महिन्यातच व्हर्ननने वेढा उठवला. तिकडे इंग्लंडात निवडणुका चालू होत्या, आणि इप्सविचच्या मतदारांनी त्याला संसदेवर निवडून दिलं.