हार्डवेअरच्या जागेची फर्मवेअर माहिती

लॅपटॉपच्या डाव्या अंगाचा यूएसबी पोर्ट कोणता न उजव्या अंगाचा कोणता, हे कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, आपणहून कळत नाही. ते बोर्डवाल्याने, म्हणजे मदरबोर्ड बनवणाऱ्याने, फर्मवेअरमध्ये (बोर्डवरच साठवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) लिहून ठेवावं लागतं. ही माहिती एकदा वाचून सगळ्या ड्रायव्हरना (एकेक हार्डवेअर चालवणाऱ्या कोडला) द्यायची, प्रत्येकाने आपापली उकलत बसायचं नाही, अशी ही पद्धत आहे.

या पद्धतीची सुरुवात दोन तऱ्हांनी धरता येते. ओपन फर्मवेअर, म्हणजे फर्मवेअरचं 1994 चं आयईईई 1275 हे मानक, त्याच्या पीसीआय (विस्तार कार्डं जोडायची पद्धत) जोडपत्रात स्लॉटची नावं होती, पण ते नुसतं लेबल झालं, त्यात बाजू नाही की अंतर नाही. म्हणून एसीपीआयपासून, म्हणजे फर्मवेअरने ऑपरेटिंग सिस्टिमला हार्डवेअरची माहिती द्यायच्या मानकापासून, धरणं जास्त बरं वाटतं. एसीपीआय इंटेल, मायक्रोसॉफ्ट न तोशिबाने 1996 मध्ये आणलं, आणि त्यातलं पीएलडी (फिजिकल लोकेशन ऑफ डिव्हाइस, म्हणजे डिव्हाइसच्या जागेची नोंद) त्यानंतरचं, 2004 च्या 3.0 आवृत्तीच्या सुमाराचं.

पीएलडी म्हणजे बिटांचा एक गठ्ठा. पहिल्या आवृत्तीत 16 बाइट, दुसरीत 20, कारण आडवं-उभं अंतर नंतर जोडलं. त्यात पॅनेल कोणतं (वर, खाली, डावं, उजवं, पुढं, मागं), त्या पॅनेलवर वर-मध्ये-खाली कुठे, पोर्ट झाकणावर आहे का, डॉकवर आहे का, माणसाला दिसतो का, आकार गोल का चौकोनी, रंगसुद्धा, आणि 45 अंशांच्या टप्प्याने फिरवण.

खरी मेख टाइप-सी मध्ये आहे. बाहेरून पोर्ट एकच, पण आत यूएसबी 2 चा पोर्ट वेगळा, यूएसबी 3 चा वेगळा, आणि टाइप-सी कनेक्टरचा ड्रायव्हर तिसराच, तर हे तिघं एकाच जागी आहेत हे ठरवायचं कसं? तिघांची पीएलडी सारखी असेल तर जागा एक. लिनक्समध्ये 2021-22 च्या सुमारास पीएलडीचा सीआरसी-32 हॅश (सगळ्या बिटांवरून काढलेला एक छोटा आकडा) प्रत्येक एसीपीआय डिव्हाइसपाशी साठवायला लागले, आता दर वेळी फर्मवेअरला विचारावं लागत नाही, दोन आकडे जुळवले की झालं. मला ही युक्ती फार नेमकी वाटते, कारण इथे ड्रायव्हरला "डावं" म्हणजे काय हे कळायची गरजच नाही, सारखेपणा पुरतो. माणसाला वाचायचं असेल तर लिनक्स कर्नलच्या 5.19 आवृत्तीपासून सिसएफएसमध्ये (कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतं तिथे) डिव्हाइसखाली फिजिकल लोकेशन नावाचं फोल्डर येतं, त्यात पॅनेल, उभी जागा, आडवी जागा, डॉक, झाकण अशा पाच फाइली.

पण बोर्डवाल्याने कॉपी-पेस्ट केलं असेल तर हॅशही तोच येतो न भलत्याच जोड्या जमतात. म्हणून इंदूरला सिल्वर मॉलमधून जुना लॅपटॉप घेऊन त्यावर लिनक्स टाकणाऱ्याने दोन्ही बाजूंच्या पोर्टची पॅनेल फाइल उघडून बघावी, दोन्हीकडे "लेफ्ट" आलं तर चूक बायॉसमध्ये, म्हणजे फर्मवेअरमध्ये, आहे, ड्रायव्हरला दोष देऊ नये.

एसीपीआयऐवजी डिव्हाइस ट्री, म्हणजे हार्डवेअरचं वर्णन करणारी वेगळी फाइल, वापरणाऱ्या एआरएम प्रोसेसरच्या बोर्डांवर पीएलडी नाही, तिथे कॅमेऱ्याला पुढचा-मागचा-बाहेरचा एवढी दिशा आणि फिरवण देतात.