परसबागेची पार्श्वभूमी : मोरीच्या पाण्यापासून गच्चीपर्यंत

महाराष्ट्रातील परसबागेचा इतिहास शोधू लागले की लेखी साधने फार थोडी हाती लागतात. सरदारांच्या बागा, आमराया आणि इनामी मळे यांची नोंद दप्तरांत झाली, कारण त्यांच्याशी महसूल किंवा मालकाचा मान निगडित होता. स्वयंपाकघराच्या मागच्या दारी वाढणारे अळू, मांडवावरची दोडकी आणि कढीपत्त्याचे झाड यांची नोंद ठेवावी असे कुणाला वाटले नाही. त्यामुळे घराची बांधणी, व्रतवैकल्ये, टंचाईतली सरकारी धोरणे आणि बियाण्यांचा व्यापार अशा आडवाटांनीच या बागेपर्यंत पोहोचावे लागते. या वाटांवर दोन प्रश्न सतत सामोरे येतात : बागेला पाणी कुठले मिळत होते आणि बी कुणाच्या हाती होते.

देशावरच्या जुन्या घरात ओसरी, माजघर, स्वयंपाकघर आणि त्यामागे परस असा क्रम असे. विहिरीचे किंवा हौदाचे पाणी शेंदून आणावे लागत असल्याने ते भाजीला घालण्याची चैन फारशा घरांना परवडत नव्हती, आणि म्हणून न्हाणीचे व भांड्यांचे सांडपाणी चर काढून परसात सोडले जाई. मोरीच्या तोंडाशी अळू, त्यापुढे केळ आणि कर्दळ ही मांडणी शोभेसाठी नव्हती. सतत ओलावा मागणारी झाडे तिथेच तगतात, आणि अळूच्या पानांची वडी व फदफदे, केळीची पाने, केळफूल असा सगळाच ऐवज स्वयंपाकघरात परत येई. थोड्या कोरड्या कोपऱ्यात गवती चहा, पानओवा, तुळस आणि अडुळसा असे. ही औषधाची आणि चहा-काढ्याची झाडे कमी पाण्यावर भागवत आणि वर्षभर टिकत, म्हणून ऋतूंच्या फेऱ्यात ती भाज्यांइतकी अडकली नाहीत.

कोकणात पाण्याचे गणित निराळे होते. तिथे पावसाळ्यात पाण्याला तोटा नव्हता, अडचण होती ती वेल कुजण्याची. म्हणून परड्यात मांडव घालून पडवळ, दोडकी, कारली आणि तवशी वर चढवली जात. मृग नक्षत्र लागले की बी टोकायची आणि गणपतीच्या सुमारास मांडव भरलेला असायचा. भातकापणीनंतर विहिरीच्या पाण्यावर लाल माठ, मुळा आणि वांगी यांचे वाफे केले जात, आणि उन्हाळ्यात बाग आक्रसून विहिरीच्या काठाशी येई. गोव्यातल्या कुळागरांत माडा-पोफळींच्या सावलीत केळी, मिरवेल आणि कंद एकत्र नांदत. तिथे पाटाचे पाणी असल्याने उन्हाळ्याची धास्ती कमी होती.

या बागेचे वेळापत्रक छापील नव्हते, ते सणांत होते. ऋषिपंचमीचा दाखला यासाठी सर्वांत बोलका आहे. भाद्रपद शुद्ध पंचमीला बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही, हा या व्रताचा नियम. साहजिकच नांगराखालच्या शेतातले धान्य बाद होते आणि माणसाच्या हाताने परसात पिकवलेलेच पानात येते. ऋषीच्या भाजीत अळू, भेंडी, पडवळ, दोडके, माठ, सुरण, काकडी, लाल भोपळा, रताळे आणि मक्याची कणसे असे जे जे त्या पंधरवड्यात तयार असते ते एकत्र शिजते, बहुतेक घरांत फोडणीशिवाय. वर्षातल्या एका दिवशी परसबागेची जणू मोजदादच होते. आषाढातल्या कांदेनवमीला कांदा-वांग्यांचा समारोप, मार्गशीर्षात चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याने वांग्याचे पुनरागमन आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीला पावटा, वाल, हरभरा, गाजर, वांगी यांची मिसळीची भाजी, हा क्रमही पिकांच्या बहराशी जुळतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेले वांगे चंपाषष्ठीच्या सुमारास भरात असते. मात्र व्रतामुळे पीक की पिकामुळे व्रत, याचा निवाडा करण्याचा मोह टाळलेला बरा.

हीच ऋषीची भाजी आणखी एक गोष्ट सांगते. तिच्यातले लाल भोपळा, रताळे आणि मका हे तिन्ही जिन्नस मूळचे अमेरिका खंडातले असून 1498 नंतर सुरू झालेल्या सागरी व्यापारातून, मुख्यतः पोर्तुगिजांमार्फत, इकडे आले. प्राचीन ऋषींच्या नावाने शिजणाऱ्या भाजीत त्यांना इतक्या सहजपणे जागा मिळाली, यावरून परसबाग बाहेरून आलेल्या पिकाला किती लवकर घरचे करून घेते हे कळते. मिरचीची कथा तशीच आहे. सोलापूर जिल्ह्यातील अरणचे संत सावता माळी यांच्या नावावरील प्रसिद्ध अभंगात कांदा, मुळा, लसूण, कोथिंबीर यांच्या जोडीने मिरचीही येते. सावतोबांचे निर्वाण परंपरेने 1295 मधले मानले जाते आणि मिरची त्यानंतर दोन शतकांहून अधिक काळाने भारतात पोहोचली. अभंगाच्या मौखिक प्रवासात पुढच्या पिढ्यांनी आपल्या वाफ्यातली मिरची त्यात लावली असावी, असे मानणे मला तरी अधिक पटते.

इंग्रजी अमलात कोबी, फुलकोबी, टोमॅटो या भाज्यांचा प्रसार झाला. पुण्यात 1830 मध्ये स्थापन झालेली, आज एम्प्रेस गार्डन सांभाळणारी ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी याच काळातली. पण साहेबाच्या बंगल्यातली बाग आणि वाड्यातला परस यांच्यात देवाणघेवाण बरीच नंतर वाढली.

परसबाग हा सरकारी विषय झाला तो टंचाईमुळे. 1942 मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेल्यावर तिथून येणारा तांदूळ बंद झाला, ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम सुरू झाली आणि 1943 मध्ये मुंबईत रेशनिंग आले. पुढे 1965 च्या अन्नटंचाईत पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी स्वतःच्या निवासस्थानाच्या आवारातच नांगर धरला. अशा आवाहनांचा भर स्वाभाविकपणे जागेवर होता. रिकामी जमीन पिकाखाली आणा, असे सांगणे सोपे असते. तिला उन्हाळ्यात पाणी कुठून घालायचे हा प्रश्न घरातल्या बाईकडेच राहिला.

त्याच दशकात बियाण्याचीही सूत्रे हलली. तोवर बी घरात राखले जाई : वेलावरचे पहिले चांगले फळ न तोडता जून होऊ द्यायचे, तवशाच्या बिया शेणात मिसळून तो गोळा भिंतीला थापायचा, वालाचे दाणे राखेत घोळून मडक्यात ठेवायचे. शेणाचा गोळा वाळला की बी किडीपासून सुरक्षित राही आणि मृगाला तो फोडून थेट आळ्यात टाकता येई. जालन्याचे बद्रीनारायण बारवाले यांनी ‘पुसा सावनी’ या भेंडीच्या वाणाच्या बीजोत्पादनापासून सुरुवात केली आणि 1964 मध्ये महिको कंपनी स्थापन केली. शिरा पिवळ्या पाडणाऱ्या रोगाने भेंडी हातची जात असे, त्या काळात या वाणाचे स्वागत होणे रास्तच होते. संकरित वाण पसरले तशी पुढची अडचण उघडी पडली : त्यांचे घरी धरलेले बी पुढच्या वर्षी तसेच पीक देत नाही, म्हणून दर हंगामाला पाकीट विकत घेणे आले आणि राखेतली मडकी माळ्यावर गेली.

शहरांत वाडे पाडून इमारती उभ्या राहिल्यावर परसच उरला नाही. त्यावर वैचारिक तोड काढणाऱ्यांत कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. मूळचे गणिताचे प्राध्यापक असलेल्या दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि पालापाचोळ्यापासून माती घडवून थोड्या जागेत, मोजक्या पाण्यात, पानावर पडणाऱ्या उन्हाचा हिशेब ठेवून पीक घेता येते असे मांडले. मुंबई-पुण्यातल्या गच्चीवरच्या बागांना त्यांच्या या मांडणीचा मोठा आधार मिळाला, कारण गच्चीवर जड माती चालत नाही आणि ओला कचरा मात्र रोज निघतो. मोरीच्या पाण्याची जागा इथे भाजीच्या देठांनी आणि सालींनी घेतली.

ग्रामीण भागात मात्र जुनी वाट पुन्हा वापरात आली आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्याच्या आणि पालेभाज्यांच्या गावरान वाणांचे बी गोळा करून बियाणे बँक उभी केली; 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. राज्याच्या ‘उमेद’ अभियानाने बचत गटांतील महिलांसाठी पोषण परसबागेची मोहीम हाती घेतली असून तिचा रोख धान्याऐवजी रक्तक्षय आणि बालकांचे कुपोषण यांच्याकडे आहे. अशा बागेत शेवगा, कढीपत्ता आणि पपई ही बारमाही झाडे कडेला लावून मधल्या वाफ्यांत पालेभाज्या, वेल आणि शेंगा ऋतूप्रमाणे बदलत्या ठेवल्या जातात, आणि सांडपाण्याचा चर पुन्हा आखला जातो.