गुडघे टेकून काम करताय? वाटीवरच्या सुजेबद्दल थोडं, पॅडबद्दल थोडं

आमच्याकडून गुडघ्याचे पॅड नेणाऱ्यांत फरशी मिस्त्री सगळ्यात जास्त. त्यांच्या खालोखाल प्लंबर, वायरिंगवाले, बागकाम करणारे, आणि हल्ली घरकामाच्या मावशींसाठी पॅड नेणारेही. पुष्कळदा गिऱ्हाईक दुकानात येतं तेव्हा गुडघ्यावर लिंबाएवढी गाठ आधीच आलेली असते. अशांना काउंटरवर उभ्या उभ्या जे सांगतो, तेच इथे छापलं आहे.

सूज नेमकी कुठे येते

गुडघ्याची वाटी आणि तिच्यावरची कातडी यांच्या मध्ये एक पातळ पिशवी असते. डॉक्टर तिला बर्सा म्हणतात. एरवी ती चपटी असते, आत नावापुरतं वंगण. पाय वाकवताना कातडी वाटीवरून सहज सरकावी, एवढंच तिचं काम. रोज तासन्‌तास वाटीवर भार आला, घासणं झालं, की ही पिशवी सुजते, तिच्यात पाणी भरतं आणि त्रास जुना झाला की तिची भिंतही जाड होते. कधी नुसतं एकदा जोरात आपटूनही हे होतं.

इंग्रजीत याला पूर्वी ‘हाउसमेड्स नी’, म्हणजे मोलकरणीचा गुडघा म्हणत. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या घरांतून मोलकरणी दगडी पायऱ्या आणि लाकडी जमिनी गुडघ्यांवर बसून ब्रशने घासायच्या. कोळशाच्या खाणीत कमी उंचीच्या थरात गुडघ्यांवर काम करणाऱ्यांनाही हेच व्हायचं. ब्रिटनमध्ये कामामुळे होणाऱ्या आजारांच्या सरकारी यादीत ही सूज आहे. वाटीच्या खाली येणाऱ्या सुजेला मात्र तिथे पाद्र्याचा गुडघा म्हणायचे. प्रार्थनेला माणूस ताठ गुडघ्यांवर बसतो, तेव्हा भार वाटीखाली, नडगीच्या वरच्या उंचवट्यावर येतो. घासायला पुढे झुकलं की तोच भार वाटीवर सरकतो. टाईल बसवणारा मिस्त्री दिवसभर पुढेच झुकलेला असतो. एका हातावर अंग तोलून दुसऱ्या हाताने रबरी हातोडा मारायचा, लेव्हल बघायची, पुन्हा पुढे सरकायचं. ज्या गुडघ्यावर तो जास्त रेलतो, तोच आधी सुजतो.

आपल्याकडची फरशी पुसायची जुनी पद्धत उकिडवं बसायची. त्यात भार तळपायांवर असतो, वाटी जमिनीला लागत नाही. (सांध्याला ते बसणंही सोपं नाही, पण ती तक्रार वेगळी.) मावशी गुडघे टेकून पुसत असतील तर पॅडच्या आधी लांब दांड्याचा मॉप द्या. आमचा एक पॅड कमी खपला तरी चालेल.

‘गुडघ्यात पाणी झालंय’

असं म्हणत दोन वेगवेगळ्या तक्रारींचे लोक येतात. सांध्याच्या आत पाणी झालं की अख्खा गुडघा भरल्यासारखा होतो आणि पाय सरळ करतानाही दुखतो. पिशवीची सूज वाटीच्या बरोबर समोर असते, हाताला मऊ लागते, पाय सरळ ठेवला तर फारसं दुखत नाही. पूर्ण वाकवला की कातडी ताणते आणि कळ येते. हा अंदाज झाला, निदान डॉक्टरांनी करायचं.

साधी सूज असेल तर गुडघा टेकणं बंद करणं हाच मुख्य इलाज. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चारदा धरावा. ताजी सूज शेकू नये, तेल लावून चोळू तर अजिबात नये. आणि कुणी सुई टोचून पाणी काढून देतो म्हणाला तर तिथून निघा. डॉक्टर पाणी काढतात ते निर्जंतुक सुईने, आणि गरज वाटली तर ते तपासायलाही पाठवतात.

कारण या पिशवीत जंतू शिरू शकतात. ती कातडीला लागून असते, आणि मिस्त्रीच्या गुडघ्याची कातडी सिमेंटने फुटलेली असते. जागा लाल झाली, गरम लागू लागली, ठणका वाढला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मधुमेह असेल तर त्याहून लवकर. अशा गुडघ्यावर पॅड बांधून कामावर जाऊ नका. गाऊटमुळेही (युरिक अ‍ॅसिड वाढून सांधे सुजण्याचा आजार) इथे सूज येते, म्हणून काम बंद ठेवूनही उतरत नसेल तर तपासून घ्या.

पॅड घेताना

बोटाने दाबून मऊ लागला म्हणजे चांगला, असं नसतं. नुसता मऊ फोम अंगाच्या वजनाने तळाला टेकतो आणि वाटी पुन्हा फरशीवरच येते. बाहेर कडक कवच आणि आत जाड फोम असला की भार पसरतो. युरोपात या पॅडसाठी ईएन १४४०४ हे मानक आहे. त्यात ० पातळीचा पॅड सपाट जमिनीसाठी असतो, टोचण्यापासून बचाव नाही. १ पातळीचा १०० न्यूटन जोराचं टोचणं अडवतो, २ पातळीचा २५० न्यूटन. घरात पुसायला ० पुरतो. साइटवर खडी, खिळे, टाईलचे तुकडे पडलेले असतात, तिथे २ घ्या.

पट्टे दोन असावेत, एक गुडघ्याच्या वर, एक खाली. गुडघ्यामागच्या खळगीत काचणारा एकच पट्टा तासाभरात नकोसा होतो आणि पॅड जेवणाच्या डब्याशेजारी पडून राहतो. दुकानात पॅड बांधून खाली बसून बघा, संकोच करू नका.

ओल्या सिमेंटात पॅड भिजला तर लगेच काढा. फोमने धरलेलं सिमेंटचं पाणी कातडीला लागून राहतं आणि भाजल्यासारख्या जखमा करतं, त्या कळतात तेव्हा उशीर झालेला असतो. गुडघा भरपूर पाण्याने धुवा, पँट बदला. संध्याकाळी पॅड उलटा करून आतले खडे झटका, साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा.

पट्ट्याचं इलॅस्टिक सैल झालं तर आमच्याकडे नुसता पट्टा बदलून मिळतो, अख्खी जोडी घ्यायची गरज नाही. फोम अंगठ्याने दाबून सोडल्यावर वर येत नसेल, तर मात्र पट्टा बदलण्यात पैसे घालवू नका.