ताप आणि लू: तापमापीवर आकडा एक, मेंदूत गोष्टी दोन

मे अखेरच्या नवतप्याच्या दिवसांत नागपूरच्या दवाखान्यांत दोन प्रकारची तापलेली माणसं एकाच रांगेत बसलेली असतात. एकाचं अंग भाजतंय, तरी तो चादर ओढून घेतोय आणि त्याचे दात वाजताहेत. दुसऱ्याचंही अंग तितकंच भाजतंय, पण तो बरळतोय, त्याला घरच्यांची ओळख पटत नाही. तापमापी दोघांनाही ४० अंश सेल्सिअस दाखवते आणि घरून निघताना दोघांनाही पॅरासिटामॉलची तीच गोळी दिलेली असते. पहिल्याला ताप आलाय, त्याला ती लागू पडते. दुसऱ्याला लू म्हणजे उष्माघात झालाय, त्याला अजिबात नाही. ही दोन माणसं मेंदूच्या हिशेबाने एकमेकांच्या अगदी उलट का आहेत, हे उलगडायला विज्ञानाला शंभरहून अधिक वर्षं लागली.

सुरुवात मोजण्यापासून झाली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीत सांतोरियो यांनी आकडे आखलेली नळी रुग्णाच्या तोंडात धरली, पण रोजच्या वैद्यकीत ती रुळायला अडीचशे वर्षं गेली. १८६८ मध्ये लाइपझिगच्या वुंडरलिश यांनी सुमारे पंचवीस हजार रुग्णांच्या नोंदी मांडल्या आणि ३७ अंश हा आकडा जगाच्या डोक्यात बसवला. त्यांची तापमापी जवळपास फूटभर लांब होती आणि ती काखेत पंधरा-वीस मिनिटं धरून ठेवावी लागे. इंग्लंडमध्ये ऑलबट यांनी ती सहा इंचांवर आणि पाच मिनिटांवर आणली, तेव्हा कुठे ती डॉक्टरच्या खिशात मावली.

नागपुरात मात्र मे महिन्यात हे साधं यंत्रही फसवतं. पाऱ्याच्या तापमापीत बल्बच्या वर नळी चिमटून अरुंद केलेली असते, त्यामुळे चढलेला पारा आपोआप खाली येत नाही. टिनाच्या छपराखालच्या खोलीत हवा ४३ वर गेली, की फळीवरची तापमापी कुणालाही न लावता ४२ दाखवत बसते आणि कधी तडकतेही. तिथे नुसतं झटकून काही होत नाही. आधी ती ओल्या फडक्यात गार करायची, मग झटकायची. कपाळासमोर धरायचं यंत्र आणखी लबाड. उन्हातून आलेल्या माणसाची ते फक्त तापलेली कातडी वाचतं. काखेतला आकडाही आतल्या तापमानापेक्षा कमी येतो, म्हणून उष्माघाताचा संशय असेल तर गुदद्वारातून मोजलेला आकडाच खरा धरतात.

शरीर उष्णता अडवतं कसं, याचा सर्वांत धमाल प्रयोग १७७४ चा. लंडनमध्ये फोर्डाइस यांच्या तापवलेल्या खोल्यांत ब्लॅग्डन आणि त्यांचे सोबती शिरले. कोरड्या हवेचं तापमान शंभर अंशांच्याही पुढे होतं. सोबत ठेवलेली अंडी कडक झाली, मांसाचा तुकडा शिजला, माणसांचं आतलं तापमान मात्र जवळपास जागचं हललं नाही. यातला एक बारकावा आपल्या कामाचा आहे: मांसावर भात्याने हवा मारली तेव्हा ते आणखी लवकर शिजलं. कातडीचं तापमान साधारण ३५ अंश असतं. बाहेर ४५ असताना कोरड्या अंगावर सोडलेला पंखा त्या भात्याचंच काम करतो. अंग ओलं असेल तरच तो उपयोगाचा.

घामाचा हिशेब सरळ आहे. एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. साठ किलोच्या माणसाचं तापमान एक अंशाने वाढायला साधारण ५० किलोकॅलरी पुरतात. विटा वाहणारा मजूर तासाला ३०० किलोकॅलरीच्या आसपास उष्णता तयार करतो, म्हणजे ती बाहेर गेलीच नाही तर तासाभरात सहा अंश. ती घालवायला तासाला अर्धा लिटरहून अधिक घाम वाळायला हवा, उन्हाची भर वेगळी. आणि वाळायला हवा, नुसता गळून उपयोग नाही. जुलैत वाळ्याच्या ताट्या कितीही भिजवा, कूलर गार हवा देत नाही. दमट हवेत घामाचंही तेच होतं.

हे सगळं चालवतं कोण? १८८५ मध्ये बर्लिनला आरोन्सोन आणि झाक्स यांनी सशाच्या मेंदूत खोलवर सुई टोचली आणि सशाचं तापमान चढलं. ‘उष्णता केंद्र’ सापडल्याचा बोभाटा झाला, पण नेमकी जागा चुकली होती. १९१२ मध्ये इझेनश्मिड आणि क्रेल यांनी सशाच्या मेंदूतले वेगवेगळे भाग तोडून पाहिले, तेव्हा बोट मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागाकडे वळलं. त्याच वर्षी बार्बर यांनी सशाच्या मेंदूत बारीक नळ्या बसवून त्यांतून पाणी फिरवलं. पाणी गरम असेल तर सशाचं तापमान उतरायचं, थंड असेल तर ससा थरथरायचा आणि त्याचं तापमान चढायचं. खोली तीच, ऋतू तोच. मेंदूतल्या इवल्याशा जागेला ‘गार’ वाटलं की अख्खं शरीर शेकोटी पेटवायला निघतं.

शिकागोत रॅन्सन यांच्या गटाने १९३८ मध्ये मांजरांवर ही जागा आणखी अचूक दाखवली: हायपोथॅलॅमसच्या पुढच्या टोकाला, प्रीऑप्टिक भागात. तो भाग तापवला की मांजर धापा टाकू लागे आणि तिच्या पंजांच्या गाद्यांना घाम सुटे. १९६१ मध्ये नाकायामा, हार्डी आणि सहकाऱ्यांनी तिथल्या एकेका चेतापेशीचा विद्युतसंदेश टिपला. स्थानिक ऊब वाढली की काही पेशींचा ठोका वाढायचा. मेंदूची तापमापी म्हणतात ती हीच. पुढे कातडीकडून येणारा संदेशही उलगडला. उष्णता ओळखणारं चेतातंतूंवरचं प्रथिन डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये मिरचीतल्या कॅप्सेसिनच्या मदतीने शोधलं. सावजीचा रस्सा ओरपताना कपाळावर घाम फुटतो तो याच दारातून.

आता ताप. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ज्वराच्या लक्षणांत ‘संताप’ म्हणजे अंग तापणं, याच्याही आधी ‘स्वेदावरोध’ येतो. अंग तापलेलं असूनही घाम अडतो, ही विसंगती जुन्या वैद्यांनी नेमकी टिपली होती. तिचा अर्थ १८७५ मध्ये लीबरमाइस्टर यांनी लावला. निरोगी माणूस थंड पाण्यात आपले ३७ अंश जसे राखतो, तसाच तापाचा रुग्ण आपले वाढलेले अंश राखतो, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे तापात नियंत्रण बिघडलेलं नसतं, लक्ष्य वर सरकलेलं असतं. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि तो सेन्सरचा दोष निघाला, तसला हा प्रकार नाही. एसीच्या रिमोटवर कुणीतरी आकडा बदलावा, तसा आहे. उष्माघात म्हणजे त्याउलट भर दुपारी पाणी संपलेला कूलर: मोटर जिवाच्या आकांताने फिरतेय, खोली मात्र तापतच चाललीय.

रिमोट दाबणारं बोट शोधणं हे विसाव्या शतकाचं काम. सलाइन चढवताना रुग्णाला हुडहुडी भरायची, तिचं कारण १९२३ मध्ये फ्लॉरेन्स सीबर्ट यांनी उघड केलं: ऊर्ध्वपातित पाण्यात मागे राहिलेला जिवाणूंचा अंश. तो उकळूनही जात नाही. १९४८ मध्ये बीसन यांनी सशाच्या पांढऱ्या पेशींतून ताप आणणारा पदार्थ मिळवला, म्हणजे ताप आणायला शरीर स्वतःच पदार्थ बनवतं हे कळलं. इंटरल्यूकिन-१ हे त्या कुळातलं पुढे गाजलेलं नाव. १९७० च्या सुमारास मिल्टन आणि वेंडलांट यांनी मांजराच्या मेंदूतल्या पोकळीत प्रोस्टाग्लँडिन हे शरीरातच बनणारं रसायन सोडलं, तेव्हा मांजर तापलं. १९७१ मध्ये जॉन वेन यांनी अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनची निर्मितीच रोखतं हे दाखवलं आणि साखळीची दोन टोकं जुळली. १९९८ मध्ये ईपी-३ हा ग्राहक, म्हणजे प्रोस्टाग्लँडिनचा संदेश घेणारं पेशीवरचं प्रथिन, नसलेल्या उंदरांना ताप येत नाही, हेही सिद्ध झालं.

आजचं चित्र असं: जंतूची चाहूल लागली की प्रतिकारपेशी इंटरल्यूकिन सोडतात, मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात कॉक्स-२ हे विकर जागं होतं, प्रोस्टाग्लँडिन ई-२ तयार होतं आणि प्रीऑप्टिक भागातल्या ईपी-३ पेशींना गप्प करतं. या पेशी एरवी उष्णता वाढवणाऱ्या वाटांवर ब्रेक लावून असतात. ब्रेक सुटला की कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, स्नायू थरथरतात. तान्ह्या बाळाला थरथर फारशी जमत नाही. त्याच्या पाठीतली तपकिरी चरबी उष्णता देते. म्हणून हात-पाय गार आणि पोट तापलेलं, अशा मुलाला ताप अजून चढतोय हे ओळखावं. त्या वेळी थंड पाण्याच्या पट्ट्यांचा मारा केला तर मूल आणखी थरथरेल आणि मेंदू आपलाच आकडा गाठेल.

गोळी नेमकी हे प्रोस्टाग्लँडिन कमी करते. लक्ष्य खाली येतं, घाम फुटतो, अंग मोकळं होतं. लू लागलेल्या माणसाचं लक्ष्य ३७ वरच असतं, त्यामुळे गोळीला खाली आणण्यासारखं काही नसतं. उलट भाजलेल्या यकृतावर तिचा भार पडतो. त्याला हवी ती बाहेरून गारवणी: सावली, कपडे सैल किंवा काढून, सगळ्या अंगावर पाणी आणि लगेच पंखा. तरण्या मजुराला पाण्याने भरलेल्या टाक्यात, डोकं बाहेर धरून बसवता आलं तर सर्वांत जलद. १०८ ला फोन लागेपर्यंत थांबायचं नाही, पाणी आधी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, पन्हंसुद्धा नाही, श्वासनळीत जाईल. खिशातला कांदा राहू द्या, त्याने काही बिघडत नाही आणि काही होतही नाही.

‘घाम येतोय म्हणजे लू नाही’ हा समज जीवघेणा आहे. म्हाताऱ्या माणसांची कातडी बहुधा कोरडी सापडते, पण कष्ट करताना कोसळलेला माणूस घामाने निथळलेला असू शकतो. ४० च्या वर तापमान आणि बिघडलेली शुद्ध, निदान याच दोन गोष्टींवर होतं. सर्दीच्या काही गोळ्या आणि मानसिक आजारांवरची काही औषधं घाम अडवतात, म्हणून काय औषध चालू होतं हे डॉक्टरांना सांगायला हवं. आणि आतलं तापमान ३९ च्या खाली आलं की पाण्याचा मारा थांबवायचा. नाहीतर रुग्ण ३७ च्या खाली घसरतो, तोवर सावरलेला मेंदू थरथर सुरू करतो आणि पुन्हा उष्णता तयार होऊ लागते.