रिळाचा पाय धरतं कोण?

बडोद्यात समुद्र नाही. विश्वामित्री आहे, पण तिच्यात मगरी आहेत, त्यामुळे काठावर गळ टाकून निवांत बसायचा छंद आमच्या गावात फारसा कुणाला जडत नाही. दांडिया बाजारातल्या माझ्या भाच्याला मात्र जडला, कारण त्याची सासुरवाडी देवगडची. मेव्हण्याबरोबर दोनदा खडकावर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला गेला आणि परतल्यावर समुद्रात लांब फेकायची चौदा फुटी काठी घरबसल्या मागवून मोकळा झाला. काठी आली त्या संध्याकाळी फोन. "मामा, फसलो मी. अर्धंच सामान पाठवलंय. रीळ बसवायला जागाच नाही!"

जाऊन पाहिलं. तीन तुकड्यांची कार्बनची काठी, मुठीच्या भागावर घट्ट बसलेलं गुळगुळीत रबरी आवरण, आणि बस्स. फसवणूक काही नव्हती. किनाऱ्यावरून लांब फेकायच्या काही काठ्या मुद्दामच कोऱ्या मुठीच्या करतात. रीळ कुठे बसवायचं ते फेकणाऱ्याने आपल्या हाताच्या मापाने ठरवायचं. काठीचं बूड काखेत धरा, हात सरळ पुढे करा. पंजा जिथे पडेल तिथे रीळ. भाचा आहे सव्वापाच फुटांचा. सहा फुटी माणसासाठी जागा ठरवून दिलेली काठी मिळाली असती, तर तो खरा फसला असता.

पण मग बसवायचं कसं? हा प्रश्न दिसतो हार्डवेअरच्या दुकानातला, आणि आहे अकरावीच्या भौतिकशास्त्रातला. मला तो इतका आवडला की पुढचे दोन दिवस मी दुसरं काही केलं नाही.

आधी भांडण कशाचं आहे ते पाहू. (इथे रीळ म्हणजे दोरा गुंडाळायचं रीळ, मोबाइलवरचं नव्हे.) समुद्रावरच्या साध्या रिळाला एक पाय असतो. त्या पायाच्या टोकाला काठीला समांतर अशी एक पट्टी. ती किंचित पन्हळीसारखी वळलेली असते आणि पुढे-मागे निमुळती होत जाते. ही पट्टी काठीवर दाबून ठेवायची, एवढंच काम. आता समजा मासा ८ किलोच्या जोराने तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, ओढतोय. तंगूस रिळातून निघते ती काठीच्या साधारण ८ सेंटिमीटर खालून. त्यामुळे रीळ नुसतं पुढे ओढलं जात नाही, ते पुढच्या टोकावर डोकं टेकवून मागचं टोक काठीपासून उचकटू पाहतं. पट्टीची लांबीही ८ सेंटिमीटरच्या आसपास धरली, तर मागच्या टोकाला उचकटणारा जोर पुन्हा ८ किलोच निघतो. म्हणजे दोन टोकांची नशिबं वेगळी: पुढचं दाबलं जातं, मागचं सुटू पाहतं. हे लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

नेहमीच्या काठ्यांवर यासाठी तयार सीट असते. एक नळी, तिच्या एका टोकाला पक्की टोपी, दुसरीकडे सरकती टोपी, आणि तिला मागून ढकलणारा नट. जपानच्या फूजीच्या अशा सीट जगभर दिसतात. स्वस्त काठ्यांवर नटाऐवजी सरकपट्टी आणि चाप असतो. झटकन लागतो, झटकन निघतो, आणि वाळू गेली की दोन्हीही झटकन होत नाही. खोल समुद्रात बोटीवरून ट्यूनासारखे मासे ओढणाऱ्या काठ्यांवर धातूची सीट, एकावर एक दोन नट, शिवाय रिळाच्या खालून बोल्टने आवळलेला शिकंजा. कोऱ्या मुठीसाठी इंग्रज मंडळी 'कोस्टर' वापरतात: गोल पट्टा आणि स्क्रू, मुठीवर हवा तिथे सरकवायचा आणि आवळायचा. बडोद्यात मला कोस्टर मिळाला नाही. रावपुऱ्यातल्या दुकानदाराने कशासाठी हवाय ते विचारलं, मी सांगितलं, तर म्हणाला, "काका, मगर पकडवी छे?"

त्याने जे दिलं ते आपल्या सगळ्यांच्या घरात आहे. पाण्याच्या पंपाच्या पाइपवर असते ती होज क्लिप. ब्रिटिश नौदलातले एक कमांडर लम्ली रॉबिन्सन यांनी १९२१ साली तिचं पेटंट घेतलं. स्टीलचा पट्टा, पट्ट्यावर तिरक्या खाचा, त्यात अडकलेला छोटा स्क्रू. स्क्रू फिरवला की पट्टा आवळत जातो.

नट घ्या, कोस्टर घ्या, क्लिप घ्या, सगळीकडे काम करतात ते आटेच. आमच्या दुकानदाराचे 'आंटा'. आणि आटे म्हणजे काय, तर गुंडाळलेला उतार.

पावागडला माचीपर्यंत गाडीने गेला असाल, तर हे तुम्ही अनुभवलेलं आहे. डोंगर सरळ चढायचा तर छातीवर येतो. रस्ता त्याला वळणं घेत जातो, लांबतो, पण चढ सौम्य होतो. आता रिळाच्या सीटचा आटा उलगडा. नटाचा व्यास २५ मिलिमीटर धरा, म्हणजे एका फेऱ्याची लांबी सुमारे ७८ मिलिमीटर. त्या फेऱ्यात नट पुढे सरकतो समजा २ मिलिमीटर. ७८ चाललात आणि २ चढलात. हा चढ जेमतेम दीड अंशाचा आहे. पावागड सोडाच, आमच्या सोसायटीच्या पार्किंगचा उतारही याहून उभा आहे.

आता एक प्रयोग. पाटावर खोडरबर ठेवा आणि पाट एका बाजूने हळूहळू उचला. एका ठरावीक कोनाला खोडरबर घसरेल. त्यावर दुसरं खोडरबर चिकटवून वजन दुप्पट करा. कोन जवळजवळ तोच. वजन वाढलं की खाली ओढणारा जोर वाढतो, पण पाटावरचा दाब आणि म्हणून घर्षणही त्याच प्रमाणात वाढतं, आणि वजन हिशेबातूनच बाद होतं. राहतो तो फक्त कोन. प्लास्टिकवर प्लास्टिक असेल आणि घर्षणांक, म्हणजे दाबाच्या किती पट घर्षण तो आकडा, ०.२ धरला, तर हा घसरणकोन साधारण ११ अंश येतो.

आट्याचा उतार दीड अंश, घसरायला लागतात ११. म्हणून नट उलटा फिरून सुटत नाही. आणि वजन हिशेबात नसल्यामुळे मासा एक किलोचा असो की दहाचा, नटाला फरक पडत नाही. मागून कितीही ढकला, तो फिरणार नाही. फुटेल, पण फिरणार नाही. गाडीचा स्क्रू-जॅक आठवा. दांडा फिरवून तुम्ही गाडी उचलता, पण हात सोडल्यावर गाडीचं वजन दांडा उलटा फिरवत नाही. कलाभवनात, म्हणजे बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, वर्कशॉपला लेथवर चौकोनी आटे पाडताना हे पहिल्यांदा डोक्यात शिरलं, तेव्हा मी लेथ बंद करून नुसता उभा राहिलो होतो आणि त्याबद्दल बोलणी खाल्ली होती.

याची किंमत मोजावी लागते, ती ताकदीत. वरच्याच आकड्यांनी हिशेब केला तर तुमच्या मनगटाने घातलेल्या कामापैकी आट्यांतून पलीकडे पोचतं शेकडा ११, बाकी सगळं घासण्यात जातं. तरीही उतार इतका सौम्य असल्याने, हाताने सहज लावता येणाऱ्या १ न्यूटन-मीटर पिळाला नट सुमारे १९० न्यूटन, म्हणजे १९ किलोच्या जोराने पुढे दाबतो. त्यात नटाच्या तोंडाशी होणारं घासणंही मी धरलंय. शिवाय टोपी आतून निमुळती, पट्टीही निमुळती, त्यामुळे पाचर बसते ती वेगळीच. ज्यांना पाचरीचाही हिशेब करून पाहायचा आहे त्यांनी तिथेही उताराच्या कोनात घसरणकोन मिळवायला विसरू नये. बाकीच्यांनी एवढंच धरावं की हाताने आवळणं पुरतं. पक्कड घेऊन दहापट पिळलं तर दहापट दाब येतो आणि तो येतो कार्बनच्या पातळ नळीवर. त्या नळीत बहुतेक धागे लांबीच्या दिशेने घातलेले असतात, कारण काठीला वाकायचं असतं. आडव्या चिमट्याला ती कच्ची. 'जितकं घट्ट तितकं चांगलं' म्हणणाऱ्यांनी बऱ्याच महाग काठ्या अंड्यासारख्या फोडल्या आहेत.

आता चतुर वाचक विचारेल, नट आपण होऊन फिरतच नाही, तर दुपारपर्यंत सैल कसा होतो? कारण होतो. ज्याने गळ फेकलाय, किंवा नुसती जुनी सायकल चालवली आहे, त्याला माहीत आहे.

याचं समाधानकारक उत्तर १९६९ साली गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने दिलं. त्याने दाखवलं की बोल्ट सैल होण्याचं मोठं कारण लांबीच्या दिशेने बसणारे हिसके हे नव्हे. जोडलेले दोन भाग एकमेकांवर आडवे सरकू लागले की बोल्ट सर्वांत लवकर सुटतो. का? बोटात अडकलेली अंगठी आठवा. सरळ ओढून निघत नाही. आपण काय करतो, गोल फिरवत फिरवत ओढतो, आणि ती येते. घर्षण कमी झालेलं नसतं. पण घर्षण नेहमी सरकण्याच्या उलट दिशेला असतं आणि ते एकाच दिशेला राबू शकतं. फिरवण्यात ते गुंतलं की ओढण्याला अडवायला शिल्लक उरत नाही. पाटावर न घसरणारं खोडरबर घ्या आणि पाट आडवा आडवा हलवा. ते प्रत्येक हिसक्याला थोडं थोडं उताराने खाली येईल. नटाचंही तेच. आडव्या हिसक्यात आटे क्षणभर बाजूला सरकतात, घर्षण तिकडे खर्च होतं, आणि दीड अंशाचा तो नगण्य उतार तेवढ्यात आपलं काम साधून घेतो. एका फेकीत केसाचाही भाग नाही. पण दिवसाला फेकी दोनशे.

त्यातून उपाय सुचतो तो 'आणखी आवळा' असा नाही. आडवं सरकणं बंद करा. म्हणून भाच्याच्या काठीवर मी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, त्यावर रिळाचा पाय, पायाच्या दोन्ही टोकांवर पुन्हा ट्यूबचा एकेक वेढा आणि वर क्लिपा. रबर घसरू देत नाही हे उघड आहे. दुसरा फायदा लपलेला आहे. कडक जोडात पट्टा खूप थोडा ताणलेला असतो. उन्हाने, दाबाने प्लास्टिक दशांश मिलिमीटर बसलं तरी सगळा ताण निघून जातो. रबर मिलिमीटरभर दबलेलं असतं, त्यातून दशांश गेला तरी बाकीचा दाब शाबूत. वर काठी चिरडायची भीतीही कमी. जाहिरातीत मी एका सीटबद्दल 'अंतराळ तंत्रज्ञानाची लॉकिंग' असं वाचलं. सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन काढलं तेव्हाही उतार आणि घर्षण हेच होते. त्यांना अंतराळात जायची गरज पडली नव्हती.

हे चालू असताना वहिनींनी, म्हणजे भाच्याच्या सासूबाईंनी देवगडहून पाठवलेला काळा दोरा भाच्याने काठीला बांधला. नव्या वस्तूला दृष्ट लागू नये म्हणून. दृष्टीबद्दल माझं मत घरात सगळ्यांना पाठ आहे, पुन्हा सांगत नाही. पण दोऱ्याला मी कमी लेखत नाही! त्याचे दोनच वेढे होते. तोच दोरा रिळाच्या पायावरून अर्ध्या किलोच्या ताणाने गुंडाळला असता तर प्रत्येक वेढा दोन बाजूंनी ओढतो म्हणून एक किलोचा दाब देतो. पंधरा वेढ्यांत पंधरा किलो. टोकाला फार मोठी गाठही लागत नाही, कारण घर्षण वेढ्यागणिक गुणाकाराने वाढतं, घर्षणांक ०.३ असेल तर एका वेढ्याला साडेसहा पट, तीन वेढ्यांना पावणेतीनशे पटीच्या वर. बंदरात खुंट्याला तीन फेरे घातलेला दोर एक माणूस धरून ठेवतो तो याच हिशेबाने. दोरा काळा असण्याची अट नाही.

राहिली गंजाची गोष्ट. क्लिप स्टेनलेस स्टीलची घ्या, आणि घरी आल्यावर सगळं गोड्या पाण्याने धुवा. कार्बन आणि ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकमेकांना लागले तर बॅटरी तयार होते आणि तिच्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

निघायच्या आदल्या रात्री सूनबाईकडून लाल नेलपॉलिश मागून घेतलं आणि दोन्ही क्लिपांवर स्क्रूच्या डोक्यावरून पट्ट्यापर्यंत एकेक सरळ रेघ ओढली. कारखान्यात बोल्टांवर अशी रंगाची रेघ मारतात. स्क्रू फिरला की रेघ तुटते, आणि बोट न लावता कळतं.

आठवड्याने देवगडहून फोटो आला. पुढच्या क्लिपवरची रेघ अखंड. मागच्या क्लिपवरची तुटलेली, स्क्रूवरचा तुकडा नखभर डावीकडे सरकलेला. मी विचारलं, केवढा मासा लागला होता?

"कसला मासा, मामा," तो म्हणाला. "नुसता फेकत होतो."