गणिताच्या उत्तरपत्रिकांचे गुणदान

गणिताच्या उत्तरपत्रिकांचे गुणदान : शालेय गणिताच्या लेखी परीक्षेत कोणत्या पायरीला किती गुण द्यायचे आणि शेकडो परीक्षकांच्या हातून ते एकाच मापाने कसे पडतील, हे ठरवण्याची व अमलात आणण्याची पद्धत. महाराष्ट्रात तिचा सर्वांत मोठा वापर दहावीच्या परीक्षेत होतो. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या या परीक्षेला दरवर्षी पंधरा लाखांच्या आसपास विद्यार्थी बसतात आणि गणिताचे पेपर दोन असतात : भाग १ बीजगणित व भाग २ भूमिती. दोन्ही प्रत्येकी ४० गुणांचे. उरलेले २० गुण शाळेकडे असतात.

‘गणितात काय, उत्तर बरोबर नाहीतर चूक’ हा समज पालकांत तर आहेच, पण शिक्षकांतही आढळतो. भाषेच्या पेपरात परीक्षकाची आवडनिवड शिरते, गणितात तिला जागाच नाही, असे त्यामागचे गृहीत. ते शंभर वर्षांपूर्वीच मोडीत निघाले आहे. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस एजवर्थ या संख्याशास्त्रज्ञाने १८८८ मध्येच परीक्षेचे गुण म्हणजे चुकीची शक्यता असलेले एक मोजमाप आहे, अशी मांडणी केली होती. पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातील डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड एलियट यांनी आधी इंग्रजीच्या उत्तरपत्रिकांवर प्रयोग केला. ‘हे भाषेचे दुखणे आहे’ असा आक्षेप आल्यावर १९१३ मध्ये त्यांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शाळांतील गणित शिक्षकांकडून तपासून घेतली. शंभर गुणांपैकी दोघांनी नव्वदीच्या वर गुण दिले, तर एकाने तिसाच्याही खाली. भूमितीत गुणांचा पसारा इंग्रजीपेक्षा कमी नव्हता, उलट जास्तच निघाला. त्याचे कारण गणितातच आहे. भाषेचा परीक्षक निबंध एकूण वाचून अंदाज बांधतो. गणिताच्या परीक्षकाला मात्र प्रत्येक ओळीपाशी ठरवावे लागते की ही चूक किती मोठी, आणि तिच्यापुढच्या ओळींचे काय करायचे.

एक उदाहरण, पाच उत्तरे

एक साधे उदाहरण घेऊ. पहिले पद ६ आणि फरक ४ असलेल्या अंकगणिती श्रेढीच्या पहिल्या २० पदांची बेरीज काढा, गुण ३. उत्तर ८८०. गुणदान योजनेत सूत्राला १, किमती भरण्याला १ आणि उत्तराला १ गुण ठेवला आहे, असे धरू.

पहिल्या मुलीने सूत्र अचूक लिहिले, किमती नीट भरल्या, पण १९ गुणिले ४ बरोबर ६६ धरले आणि उत्तर ७८० काढले. तिचे दोन गुण पक्के आहेत. तरी हेच उत्तर काही परीक्षक पूर्ण कापतात, कारण त्यांची नजर आधी शेवटच्या ओळीवर जाते. आता समजा, याच प्रश्नाचा पुढचा भाग असा आहे की १००० रुपयांतून ही बेरीज खर्च झाली, तर शिल्लक किती? तिचे उत्तर येते २२०. खरे उत्तर १२०. पण तिच्या ७८० वरून २२० हेच बरोबर आहे आणि त्या भागाचे गुण तिला मिळालेच पाहिजेत. एका चुकीची शिक्षा एकदाच, हा गणिताच्या गुणदानातला सर्वांत महत्त्वाचा नियम मानायला हवा. ब्रिटनमधील परीक्षा मंडळांच्या योजनांत रीतीचे गुण आणि अचूकतेचे गुण वेगळे छापलेले असतात आणि मागच्या चुकीवरून पुढे बरोबर नेलेल्या उत्तराला गुण द्यायचे की नाहीत, हेही प्रश्नागणिक नोंदवलेले असते. आपल्याकडे ‘स्टेपचे मार्क’ सगळ्यांना माहीत आहेत. पुढे नेलेल्या चुकीचे काय करायचे, हे मात्र बरेचदा परीक्षकाच्या विवेकावर राहते.

दुसऱ्या मुलाचे उत्तर ९२०. त्याने १९ऐवजी २० ने गुणले. इथे एक फरक पाहावा लागतो. त्याने सूत्र बरोबर लिहून भरताना घसरगुंडी केली असेल, तर सूत्राचा गुण त्याचा आहे. सूत्रच ‘एक वजा’ न करता लिहिले असेल, तर तो गुण गेला. मग चुकीच्या सूत्रात बिनचूक किमती भरल्याबद्दल काही द्यायचे का? दोन्ही बाजूंनी बोलता येते. म्हणूनच याचा निर्णय योजनेत लिहिलेला असला पाहिजे, म्हणजे नांदेडच्या आणि रत्नागिरीच्या परीक्षकाने तो वेगवेगळा घेऊ नये.

तिसऱ्याने काहीही न दाखवता फक्त ८८० लिहिले. प्रश्नात रीत दाखवा असे म्हटले असेल, तर त्याला पूर्ण गुण देता येत नाहीत, कारण जे मोजायचे होते ते कागदावर आलेलेच नाही. चौथीने ६, १०, १४ असे करत ८२ पर्यंत वीसही पदे लिहिली आणि बेरीज केली. पाचव्याने पहिले व शेवटचे पद जोडीने घेतले : प्रत्येक जोडी ८८, अशा १० जोड्या. ‘सूत्राचा वापर करून’ हे शब्द प्रश्नात नसतील, तर या दोघांचे तिन्ही गुण कोणी कापू शकत नाही. पाचव्याला तर सूत्र कुठून आले तेच कळलेले आहे. तरीही ‘सूत्र लिहिलेले नाही’ म्हणून त्याचा एक गुण जातो, तेव्हा नियम पाळला जातो आणि न्याय राहून जातो. सगळ्या परीक्षकांनी मिळून हीच कपात केली, तर गुणदानात एकवाक्यता पूर्ण येईल, पण ती चुकीची एकवाक्यता असेल. नमुना उत्तरपत्रिकेत ‘पर्यायी रीत ग्राह्य’ एवढे तीन शब्द छापून हा प्रश्न सुटत नाही. निदान दोन-तीन पर्यायी रीती गुणांच्या विभागणीसह सोडवून द्याव्या लागतात.

भूमितीचे वेगळेपण

भूमितीत गुण विधानाला आणि कारणाला मिळतात. बाह्यबिंदूतून वर्तुळाला काढलेले दोन स्पर्शिकाखंड एकरूप असतात, हे दहावीचे नेहमीचे प्रमेय. त्रिज्या स्पर्शिकेला लंब, कर्ण सामाईक, त्रिज्या समान, म्हणून कर्णभुजा कसोटीने त्रिकोण एकरूप, ही सरधोपट सिद्धता. काही मुले मात्र ‘बाह्यबिंदू व केंद्र जोडणारा रेषाखंड तिथला कोन दुभागतो’ असे लिहून पुढे जातात. पुढे कारण लिहिलेले नसेल, तर हे विधान जे सिद्ध करायचे त्याच्याच पोटातून उचललेले असते आणि सिद्धता कोसळते. पण ‘केंद्र कोनाच्या दोन्ही भुजांपासून समदूर आहे, म्हणून कोनदुभाजकाच्या प्रमेयाने’ एवढे कारण शेजारी असेल, तर तीच ओळ बिनतोड ठरते. कारण न लिहिणाऱ्याची सिद्धता अडते आणि लिहिणाऱ्याची पूर्ण होते, त्यामुळे उजवीकडचा कारणांचा रकाना न वाचता केलेली तपासणी इथे कामाची नाही.

रचनेच्या प्रश्नांत मोजमापाची किती सूट द्यायची, कंसाच्या खुणा खोडल्या असतील तर काय, कच्च्या आकृतीला गुण आहेत का, हे आधी ठरवले नाही तर पट्टी घेऊन बसलेला आणि डोळ्यांनी अंदाज घेणारा असे दोन परीक्षक एकाच आकृतीला वेगवेगळे गुण देतात. काही प्रश्नांत चौकटी पूर्ण करून कृती लिहायची असते. तिथे गुणदान सोपे होते, कारण वाट एकच दिलेली असते. परंतु मुलाला स्वतः वाट शोधता येते का, हे त्यातून कळत नाही.

मंडळाची व्यवस्था

मंडळाची स्थापना १ जानेवारी १९६६ रोजी झाली. मुख्यालय पुण्यात आहे आणि नऊ विभागीय मंडळांमार्फत परीक्षा चालते. उत्तरपत्रिका परीक्षक तपासतो. त्याच्यावर नियामक आणि नियामकांवर मुख्य नियामक असतो. पेपर झाल्यावर मुख्य नियामकांच्या सभेत प्रश्नपत्रिकेवर चर्चा होऊन नमुना उत्तरे व गुणविभागणी निश्चित होते आणि ती खाली परीक्षकांपर्यंत पोहोचते. नियामक प्रत्येक परीक्षकाच्या गठ्ठ्यातून काही उत्तरपत्रिका काढून पुन्हा पाहतो : अगदी वरच्या गुणांच्या, अगदी खालच्या आणि उत्तीर्णतेच्या काठावरच्या. परीक्षकाला विद्यार्थ्याचे नाव किंवा शाळा कळू नये म्हणून आसनक्रमांक झाकून बारकोड वापरला जातो.

या साखळीतली सर्वांत मोलाची कडी म्हणजे ती सभा. योजना केवळ वाचून दाखवली, तर तिचा उपयोग निम्माच होतो. पाच-सहा खऱ्या उत्तरपत्रिकांच्या प्रती सर्वांनी स्वतंत्रपणे तपासल्या, गुण फळ्यावर मांडले आणि जिथे अंतर पडले तिथे भांडून एकमत केले, तरच पुढचे काम एका मापाने होते. प्रश्नपत्रिका काढणाऱ्याने कल्पिलेली उत्तरे आणि मुलांनी प्रत्यक्ष लिहिलेली उत्तरे यांत अंतर असतेच. ते मुलांच्या उत्तरपत्रिका उघडल्यावरच दिसते. परीक्षा अनेक माध्यमांतून होत असल्याने ही चर्चा आणखी गरजेची ठरते. भाषांतरात एखाद्या माध्यमाचा प्रश्न अवघड किंवा संदिग्ध झाला, तर त्याची भरपाई सर्व विभागांत सारखीच व्हायला हवी.

परीक्षक हा दिवसभर शाळेत शिकवून, घर सांभाळून तपासणीला बसलेला माणूस असतो. उत्तम उत्तरपत्रिकेनंतर आलेली मध्यम उत्तरपत्रिका कमजोर वाटते आणि अगदी कच्चीनंतर आलेली तीच मध्यम उत्तरपत्रिका चांगली भासते. सुंदर अक्षराला आपोआप थोडे झुकते माप मिळते. पहिला प्रश्न चोख सोडवलेल्या मुलाची पाचव्या प्रश्नातली चूक नजरेआड होते. यावर एक जुना आणि खात्रीचा उपाय आहे : एकेक उत्तरपत्रिका संपवण्याऐवजी संपूर्ण गठ्ठ्यातला प्रश्न १ आधी, मग प्रश्न २ असे तपासायचे. डोक्यात एका वेळी एकच योजना राहते आणि आधीच्या उत्तराची छाया पुढच्यावर पडत नाही. पाने उलटण्याचा वेळ वाढतो, म्हणून तो फारसा वापरला जात नाही. शाळेच्या घटक चाचणीत मात्र प्रत्येक शिक्षकाने तो अवश्य वापरावा. पस्तीस-चाळीस वह्यांत जास्तीचा वेळ नगण्य असतो.

बेरजेची चूक आणि दाद मागण्याचा हक्क

गुणदानातल्या काही चुकांचा गणिताच्या जाणिवेशी संबंधच नसतो. आतल्या पानांवरचे गुण मुखपृष्ठावर नेताना गाळले जातात, पुरवणीचे पान तपासायचे राहते, बेरीज चुकते. गुणपडताळणीत एवढेच पाहिले जाते. उत्तराला दिलेले गुण योग्य होते का, हा प्रश्न पुनर्मूल्यांकनाचा, आणि त्यासाठी विद्यार्थ्याला आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते.

हा हक्क सहज मिळालेला नाही. निकालानंतर उत्तरपत्रिका दाखवली जाणार नाही आणि पुनर्मूल्यांकन होणार नाही, असा मंडळाचा नियम होता. तो न्यायालयात गेला, मुंबई उच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूने कौल दिला, पण १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंडळाचा नियम वैध ठरवला. पारडे फिरले ते माहितीचा अधिकार कायदा २००५ मध्ये आल्यावर. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या म्हणजे सीबीएसईच्या एका प्रकरणात ऑगस्ट २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपासलेली स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क मान्य केला, परीक्षकाची ओळख मात्र गुप्त ठेवण्यास सांगितले. छायाप्रत हाती पडू लागल्यापासून तपासणीवर बाहेरची नजर आली, हा या निर्णयाचा खरा लाभ. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज पैसे भरून करावा लागतो, म्हणून जाणत्या आणि ऐपतीच्या पालकांची मुले तो अधिक करतात, ही त्यातली उणीव उरते.

पडद्यावरची तपासणी आणि ऑलिंपियाडची पद्धत

ब्रिटनमध्ये उत्तरपत्रिका स्कॅन करून परीक्षकांना संगणकावर प्रश्नवार पाठवल्या जातात. त्यांत अधूनमधून आधीच गुण ठरलेली उत्तरे मिसळलेली असतात. परीक्षकाचे गुण त्यांच्याशी जुळले नाहीत तर त्याचे काम थांबवले जाते. बेरजेची चूक तर उरतच नाही. पण पुरेशी तयारी नसेल तर काय होते, हे मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये अनुभवले. ऑनलाइन तपासणी घाईने आणल्यामुळे निकाल महिनोन्‌महिने रखडले.

दुसऱ्या टोकाला आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड ही शालेय विद्यार्थ्यांची स्पर्धा आहे. १९९६ मध्ये ती मुंबईत भरली होती. तिथे प्रत्येक प्रश्नाला ७ गुण असतात. देशाच्या चमूचे प्रमुख आपल्या विद्यार्थ्यांची उत्तरे वाचून गुण सुचवतात आणि यजमान देशाचे समन्वयक तीच उत्तरे स्वतंत्रपणे वाचून आलेले असतात. दोघे समोरासमोर बसून ओळीओळीवर चर्चा करतात आणि सहसा एकमताने गुण ठरतो. यजमान देशाच्या मुलांना झुकते माप मिळू नये म्हणून त्यांच्या उत्तरांचा समन्वय, तो प्रश्न ज्या देशाने सुचवला त्या देशाच्या प्रमुखाकडे जातो. लाखो उत्तरपत्रिकांना हे जमणार नाही, पण काठावरच्या निकालांपुरते दोन स्वतंत्र परीक्षक नेमणे अशक्य नाही.

शाळेच्या हातचे गुण

शाळेकडच्या २० गुणांना यातले काहीच लागू पडत नाही. गृहपाठ, चाचण्या व प्रात्यक्षिके यांवर ते दिले जातात आणि बहुतेक मुलांना जवळजवळ पूर्ण मिळतात. त्यामुळे शंभरात ३५ गाठताना लेखी पेपरातल्या काटेकोर मापाला शेजारी एक सैल माप जोडले जाते. करोनामुळे २०२१ मध्ये दहावीची लेखी परीक्षाच रद्द झाली. नववीचा निकाल आणि दहावीचे अंतर्गत मूल्यमापन यांवर गुण दिले गेले आणि राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. पुढच्या वर्षी लेखी परीक्षा परत सुरू झाली, तेव्हा तो ९६.९४ टक्के होता, आणि २०२३ मध्ये ९३.८३.